तोलाची नळी

यंत्रात एकटी नळी ठेवता येत नाही.
एका भोकात रक्त असेल तर समोरच्या भोकात
तेवढ्याच वजनाचं पाणी ठेवावं लागतं,
नाहीतर यंत्र थरथरतं,
टेबलावरून चालू लागतं.
पोंतेवेद्रातल्या या दवाखान्यात
अठरा वर्षं मी हा तोल सांभाळते आहे.

आज दोरिंदा आउतेइराल, वय एकसष्ट.
शीर सापडेना. हात चोळून जरा गरम करा म्हटलं,
तर म्हणाली, चाळीस वर्षांत झाले नाहीत,
आता तुझ्यासाठी कुठून व्हायचे?

ओहोटी लागली की ती चिखलात उतरते.
ओहोटी पहाटे चारला, तर ती पहाटे चारला.
गुडघ्यांवर बसून, दाताळं ओढत,
एकेक तिसरी वेचून बादलीत.
बोटाएवढ्या लहान असतील त्या परत खाडीत.
लिलावात वजन होतं ते बादलीचं,
गुडघ्यांचं कुणी करत नाही.

एक्स-रेत उजव्या गुडघ्याची फट दिसतच नव्हती.
हाडाला हाड चिकटलेलं.
ती काचेकडे बघत म्हणाली,
शिजवूनही जी तिसरी उघडत नाही
ती आम्ही टाकून देतो.

डॉक्टर लामास कधी खोटं बोलत नाहीत.
त्यामुळे आमच्याकडे गर्दी कमी असते.
म्हणाल्या, कूर्चा नव्यानं उगवणार नाही.
दुखणं कमी होईल, कदाचित.
सहा महिने, कुणाला वर्षभर, कुणाला काहीच नाही.
आणि हेही सांगायला हवं,
चाचण्यांमध्ये काही जणांना
न सांगता नुसतं मिठाचं पाणी टोचलं होतं.
त्यांतलेही पुष्कळ जण म्हणाले, बरं वाटतंय.

दोरिंदा थोडा वेळ गप्प.
मग पोटातून हसू आलं तिला,
खुर्ची हलली.
मिठाचं पाणी?
अहो बाई, मिठाच्या पाण्यात तर मी
चाळीस वर्षं गुडघे टेकून आहे!
डॉक्टर हसल्या नाहीत.
शेवटी तिनंच त्यांची सुटका केली:
बाहेरून आणि आतून, एवढा फरक असेल.

बारा मिनिटं यंत्र घुमतं.
बारा मिनिटांत तिनं सांगितलं,
लेक उशिआ स्वित्झर्लंडमध्ये घड्याळांचे काटे बसवते,
पैसे तिनं पाठवले,
सरकारी इस्पितळात धातूच्या गुडघ्याला चौदा महिन्यांची रांग,
आणि इथं माझंच रक्त मला परत,
वर तीनशे युरो.
आपलंच रक्त महाग पडतं, नाही का गं?
मला वाटलं, ती लेकीबद्दल बोलते आहे.
विचारलं नाही.

झाकण उघडलं.
तळाशी गडद लाल, त्यावर दोऱ्याएवढी पांढुरकी रेघ,
आणि वर पिवळं, निवळ,
सप्टेंबरात पहिल्यांदा बाटलीत भरतात
त्या आल्बारिन्योसारखं.
हे माझ्यातलं? मला वाटायचं
आत सगळा गाळच असेल.

समोरच्या भोकातली नळी मी बाजूला काढली.
तिच्यावर ना नाव, ना तारीख.
नळाचं पाणी. तेही तितक्याच वेगानं
तितकंच फिरलेलं.
रोज बेसिनमध्ये ओतते, आज हात अडला.
रक्ताचं पाणी करणं म्हणतात ते,
आणि पाण्याचं रक्त झालेलं
कुणी कधी पाहिलं नाही.

सुई आत गेली तेव्हा ती छताकडे बघत
काहीतरी मोजत होती.
देवाचं नाव असेल, वाटलं.
म्हणाली, उद्या ओहोटी सहा चाळीसला.
डॉक्टर म्हणाल्या, दोन दिवस नाही.
आणि ती दुखरी गोळीही नाही, मी म्हटलं.
ती "बरं" म्हणाली,
ज्या सुरात माझी आई "बरं" म्हणायची
आणि मग हवं तेच करायची.

लिफ्ट बंद होती.
दोरिंदा जिना उलटी उतरली,
होडीची शिडी उतरतात तशी,
दोन्ही हातांनी कठडा धरून, तोंड माझ्याकडे.
प्रत्येक पायरीला थोडी लहान होत गेली
आणि खाली पोचेपर्यंत
तिसऱ्या किती वेळ शिजवायच्या
ते सांगत राहिली.